हे वचन कुणाला सांगितलंय? शुभवर्तमान रविवारातून सोमवारात नेताना

शुभवर्तमानातली शिकवण रोजच्या जगण्यात उतरवायची म्हणजे नेमकं काय करायचं? माझ्या पीएचडीचा विषय थोडक्यात हाच आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या मराठी ख्रिस्ती घरांत रविवारी ऐकलेलं वचन सोमवारी कसं वापरलं जातं, कुठे अडतं, कुठे वाकवलं जातं, हे मी अभ्यासते. प्रबंधात त्यासाठी जड जड शब्द वापरावे लागतात. इथे त्यातला एकच मुद्दा साध्या भाषेत सांगते.

वचन लागू करताना आपण बहुतेक वेळा "यात काय सांगितलंय?" एवढंच विचारतो. "हे कुणाला सांगितलंय?" हा प्रश्न राहून जातो. तो राहिला, की चांगल्यातलं चांगलं वचनही भलत्याच माणसाच्या डोक्यावर जाऊन बसतं. बऱ्याचदा तो माणूस घरातला सगळ्यात दुबळा असतो.

तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी पुढे वाचा. ग्रंथ कोणताही असो, त्यातला उपदेश दुसऱ्याला ऐकवायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे.

आधी जागेबद्दल

शिराळा म्हटलं की लोकांना नागपंचमी आठवते, नाहीतर समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. वारणा आणि मोरणेच्या काठचा हा भाग. ऊस, भात, आणि पश्चिमेला चांदोलीचं जंगल. ख्रिस्ती वस्ती इथे फार थोडी. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या सांगली जिल्ह्यात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी होते. पण आजूबाजूला मिशनच्या कामाच्या जुन्या खुणा बऱ्याच आहेत. पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलेलं कोल्हापुरातलं काम १८५० च्या दशकात रॉयल वाइल्डर यांनी सुरू केलं. पुढे ते सांगली, मिरज, इस्लामपूर, आणि वारणेपलीकडे कोडोलीपर्यंत पोचलं.

याचा अर्थ असा, की इथला ख्रिस्ती माणूस ख्रिस्ती मोहल्ल्यात राहत नाही. त्याचा शेजारी, त्याचा बांधकरी, दूध डेअरीवरचा माणूस, पोरांचे गुरुजी, सगळे बहुतेक इतर धर्मांचे. म्हणून "शेजाऱ्यावर प्रीती कर" ही आज्ञा इथे चर्चच्या भिंतीच्या आत पाळून भागत नाही. ती गल्लीतच पाळावी लागते.

शास्त्र्याचा प्रश्न आणि त्याची उलटापालट

लूकच्या १० व्या अध्यायातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला तुम्हाला माहीत असेल. एक शास्त्री येशूला विचारतो, की माझा शेजारी कोण? प्रश्न निरागस वाटतो, पण त्यात एक हिशोब आहे. यादी द्या, म्हणजे कुणाशी नीट वागायचं ते कळेल आणि कुणाशी नाही वागलं तरी चालेल तेही कळेल.

येशू यादी देत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी वाट. अंतर साधारण २७ किलोमीटर आणि उतार जवळजवळ १००० मीटरचा. तुम्ही आंबा घाट उतरून कोकणात गेला असाल तर अंदाज येईल. उतार त्याहूनही जास्त, आणि झाडी मात्र नाही, सगळा उघडा डोंगर. त्या वाटेवर लुटारू एकाला मारून टाकून जातात. याजक बघून पलीकडून जातो, लेवीही तसाच जातो. थांबतो तो शोमरोनी. यहुदी आणि शोमरोनी यांचं वैर जुनं होतं. शोमरोन्यांचं गरिज्जीम डोंगरावरचं मंदिर यहुदी शासक योहान हिर्कानस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पाडलं होतं. ती जखम पिढ्यान् पिढ्या भरली नव्हती.

गोष्ट संपल्यावर येशू प्रश्न फिरवतो. या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याने विचारलं होतं, मी कुणाला शेजारी मानू? येशू विचारतो, तू कुणाचा शेजारी होतोस? आता यादी करणाराच यादीत सापडला. उत्तर देताना त्या शास्त्र्याच्या तोंडून "शोमरोनी" हा शब्दही निघत नाही. ज्याने दया केली तो, एवढंच तो म्हणतो.

आणि दया म्हणजे काय, तेही गोष्टीत मोजून दिलंय. तेल, द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचं जनावर, रात्रभर सोबत, आणि धर्मशाळेच्या मालकाला दोन दिनार. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची हजेरी. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्या हिशोबाने ५९४ रुपये झाले, शिवाय परत येताना उरलेलं देतो हा वायदा. कुणी जहागीर दिली नाही. पण खिशाला कळेल इतकं नक्की दिलं.

आपल्याकडे हा दाखला दवाखान्याच्या रूपाने आला. विल्यम वॉन्लेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. मिरज आज वैद्यकीय उपचारांसाठी ओळखली जाते, त्याची सुरुवात तिथली. पण दवाखाना उभा राहिला की एक धोकाही येतो. जखमी माणसाला उचलायचं काम संस्थेचं, असं वाटायला लागतं. गोष्टीतला धर्मशाळेचा मालक चांगला माणूस असेल, पण त्याच्यापर्यंत जखमीला आणणारा कुणीतरी वाटेवर थांबावा लागला.

शेजारधर्म आणि शेजार कोणी ठरवला

इथे मराठीची एक गंमत आहे, आणि अडचणही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता "जवळचा" असा आहे. मराठीत आपण "शेजारी" म्हटलं की लगेच भिंतीला भिंत लागलेलं घर डोळ्यांपुढे येतं. आपल्याकडे "शेजारधर्म" असा छान शब्दही आहे. वाटीभर साखर, रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणं, लग्नात राबणं. यात खूप माणुसकी आहे. पण शेजारधर्म हा बहुतेक वेळा परतफेडीवर चालतो. आज तुम्ही, उद्या आम्ही. आणि तो भिंतीलगत चालतो.

आता विचार करा, मराठी गावात भिंतीला भिंत कुणाची लागेल हे ठरवलं कोणी? जातीने. गावठाण एकीकडे, महारवाडा आणि मांगवाडा गावाबाहेर. २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला, म्हणजे तोवर ती नावं कागदोपत्री वापरात होतीच. मग आपण मनापासून शेजारधर्म पाळला, तरी तो जातीने आखून दिलेल्या चौकटीतच फिरत राहतो. शोमरोन्याचा दाखला मराठीत लागू करायचा, तर पहिला प्रश्न असा होतो: माझा शेजार ज्याने आखला, त्याची आखणी मी मान्य केली आहे का?

हा प्रश्न फक्त ख्रिस्ती लोकांनीच विचारला असं मुळीच नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यांनी दुसऱ्या कुणाच्या विहिरीवर जाऊन भाषण केलं नाही, सुरुवात स्वतःच्या हौदापासून केली. "कुणाला सांगितलंय?" या प्रश्नाचं ते सरळ उत्तर होतं.

वेदी, बांध आणि हक्कसोड पत्र

आता शेताकडे येऊ. भाऊबंदकी हा आपल्याकडचा जुना रोग. बांध कोरणं, मोजणी, सातबारा, वाटणी. मत्तयच्या ५ व्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात, यावर थेट लागू पडणारी शिकवण आहे. तुम्ही वेदीपाशी अर्पण घेऊन आला आहात आणि तिथे आठवलं, की भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे. तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या.

दोन बारकावे बघा. पहिला अंतराचा. हे ऐकणारे लोक गालीलातले. वेदी यरुशलेमात, तीन-चार दिवसांच्या पायी वाटेवर. पायी वारी केलेल्या माणसाला विचारा. देवळाच्या दारात पोचल्यावर "आधी घरी जाऊन भावाशी बोलून ये" असं कुणी म्हटलं तर कसं वाटेल? येशू तेच सांगतोय. दुसरा बारकावा जास्त महत्त्वाचा. तुमच्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तिथे म्हटलेलं नाही. भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. म्हणजे आज्ञा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला आहे. चालत जायचं त्याने.

आता "भाऊ" या शब्दाच्या जागी "बहीण" ठेवून बघा.

ख्रिस्ती कुटुंबांना वारशासाठी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश मिळतो आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे वाटले जातात. मुलगा आणि मुलगी यांत फरक नाही. कायदा स्पष्ट आहे. पण व्यवहारात काय होतं, ते तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे, आणि ते कुठल्या एका धर्माचं वैशिष्ट्य नाही. वडील गेले की काही दिवसांत हक्कसोड पत्राचा विषय निघतो. बहिणीला चहा होतो, साडी होते, आणि "माहेर तुटायला नको" हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. ती सही करते. कागद कायदेशीर असतो. तिच्या मनात काय राहिलं, त्याची नोंद दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होत नाही.

समजा, तिने सही करायला नकार दिला. मग वचनं बाहेर येतात. लूकच्या १२ व्या अध्यायात एक माणूस येशूला म्हणतो, की माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू म्हणतो, मला तुमचा वाटणीदार कोणी नेमलं? आणि लोभापासून सावध राहा असा इशारा देतो. झालं. "बघ, वाटणी मागणं म्हणजे लोभ, खुद्द प्रभूने सांगितलंय." वचन बरोबर, माणूस चुकीचा. तो इशारा येशूने तिथल्या सगळ्यांना दिला आहे. वाटणी मागणारा त्यात आला, आणि ती दाबून बसलेला भाऊही आलाच. पुढे लगेच जो दाखला येतो, तो तर पीक मावेना म्हणून मोठी कोठारं बांधणाऱ्या श्रीमंताचा आहे, वाटा न मिळालेल्या माणसाचा नाही.

आता दोन्ही वचनं शेजारी ठेवा. एकात लोभापासून सावध राहायला सांगितलंय. दुसऱ्यात, तुझ्याविरुद्ध कुणाची तक्रार असेल तर उपासना थांबवून तिच्याकडे जा, असं सांगितलंय. भावाने पहिलं वचन बहिणीला ऐकवायच्या आधी दोन्ही स्वतःला लावून बघायची आहेत. तेवढं केलं तर प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी त्याला एसटीने बहिणीच्या गावाला जावं लागेल. आणि तिथे जाऊन "तुझ्या मनात काय आहे?" एवढंच विचारून गप्प बसावं लागेल. ती स्वखुशीने हिस्सा सोडेलही, पण तो सोडायचा की नाही हे तिने ठरवायचं.

दुसरा गाल कुणाचा?

हीच चूक सगळ्यात महागात पडते ती "दुसरा गालही पुढे कर" या शिकवणीत. नवरा मारतो म्हणून माहेरी आलेल्या बाईला हे वचन ऐकवलं जातं, आणि तिला परत पाठवलं जातं. मला हा विषय फक्त अभ्यासाचा वाटत नाही. वचन लागू करण्यातली चूक इथे जिवावर बेतू शकते.

बायबलचे अभ्यासक वॉल्टर विंक यांनी या ओळीचं एक वेगळं वाचन मांडलं आहे. मत्तयात मुद्दाम "उजवा" गाल म्हटलंय. समोरचा माणूस उजव्या हाताने तुमच्या उजव्या गालावर मारणार, तर तो हात उलटा मारावा लागतो. उलट्या हाताची थप्पड म्हणजे भांडण नव्हे, ती खालच्या माणसाला त्याची पायरी दाखवणं. अशा वेळी दुसरा गाल पुढे करणं म्हणजे, मी तुझ्या पायरीखालचा नाही, हे हिंसा न करता सांगणं. सगळ्या अभ्यासकांना हा अर्थ मान्य नाही. काहींच्या मते इथे मुद्दा फक्त सूड न घेण्याचा आहे. पण दोन्ही वाचनांत एक गोष्ट समान आहे: ही शिकवण येशू आपल्या शिष्यांना स्वतःसाठी देतो. मार खाणाऱ्या तिसऱ्या माणसाला ती बाजूला बसून ऐकवा, असं कुठेच नाही. शोमरोनी जखमी माणसाला सहनशीलतेवर प्रवचन देत बसला नाही. आधी त्याला त्या वाटेवरून हलवलं.

टिळकांच्या घरात

वचन स्वतःला लावायचं म्हणजे काय, याचं मराठीतलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे टिळक पती-पत्नी. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंसाठी हा आघात होता. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे परत आल्या, तरी आपलं सोवळं आणि आपलं वेगळं पाणी त्यांनी सोडलं नव्हतं.

त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त, म्हणजे १९३४ ते १९३६ दरम्यान आलेल्या त्यांच्या आत्मचरित्रात, हा बदल फार प्रामाणिकपणे आला आहे. जात देवाने केली की माणसाने, हे त्यांनी स्वतःशी ताडून पाहिलं. माणसाने केली असं पटल्यावर दुसऱ्यांच्या हातचं पाणी घेतलं. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० मध्ये. नवरा कवी होता, उपदेशक होता, पण हे काम तो बायकोच्या वतीने करू शकला नाही. पाण्याचा पेला त्यांना स्वतःच्या हाताने तोंडाला लावावा लागला.

टिळकांनीही आयुष्याच्या शेवटी स्वतःला एक वचन लावलं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला आले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी कल्पना होती. शिराळा तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. सांगली जिल्ह्याची आखणी बरीच नंतरची, १९४९ ची, आणि तीही आधी 'दक्षिण सातारा' या नावाने. दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, टिळक वारले, त्यामुळे तो प्रयोग फार फुलला नाही. पण त्याची रचना बघा. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीने आखलेला शेजारही त्यांनी ओलांडून पाहिला. आणि त्याची किंमत म्हणून स्वतःचा पगार सोडला, दुसऱ्या कुणाला काही सोडायला लावलं नाही.

मग करायचं काय?

संशोधनातून तयार नियमावली निघत नाही. पण तीन प्रश्न निघतात, आणि ते घरच्या प्रार्थनेत किंवा अभ्यासवर्गात वापरता येतात.

पहिला: हे वचन मूळ प्रसंगात कुणाला सांगितलं? विचारणाऱ्याला, जमावाला, शिष्यांना, की जखमी माणसाला? हे बघायला ग्रीक यायची गरज नाही. आधीच्या आणि नंतरच्या पाच-सहा ओवी वाचल्या तरी बहुतेक वेळा कळतं.

दुसरा: आमच्या प्रसंगात त्या जागी कोण उभं आहे? ज्याच्या हातात जमीन, पैसा, पद किंवा नुसता मोठा आवाज आहे, तो बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्या जागी असतो, सांगणाऱ्याच्या नाही. पाळकांनाही हे लागू आहे, घरातल्या थोरल्या भावालाही, आणि हा लेख लिहिणाऱ्या मलाही.

तिसरा: याची किंमत कोण देतंय? शोमरोन्याने आपले दोन दिनार दिले. आपण वचन लागू करतोय आणि किंमत मात्र सुनेने, बहिणीने किंवा मजुराने मोजायची असेल, तर पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे जा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: मग कुणी कुणाला काही सांगायचंच नाही का? चूक दिसली तरी गप्प बसायचं? तसं नाही. मत्तयच्या १८ व्या अध्यायात भावाची चूक त्याला सांगण्याची रीतही दिली आहे. आधी दोघांतच, मग एक-दोन जण घेऊन, आणि शेवटी मंडळीपुढे. पण तिथे अपराध ज्याच्याविरुद्ध झालाय तो बोलतो. म्हणजे बहिणीने भावाला जाब विचारायची वाटही शुभवर्तमानातच आहे, आणि मंडळीने ती मोकळी ठेवायला हवी. निदान बहीण बोलायला उठली की "शांती राखा" म्हणून तिला बसवू तरी नये.

पुढच्या लेखात १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाबद्दल लिहीन. ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. जातीच्या दाखल्यावर काय लिहायचं, हा प्रश्न मग घराघरात उभा राहतो. "तुमचं होय ते होय असो" हे वचन तिथे नेहमी अर्जदाराला ऐकवलं जातं. ते आणखी कुणाला लागू होतं, ते तेव्हा बघू. तोवर तुमच्या घरात, मंडळीत, बांधावर असं कुठलं वचन भलत्याच माणसाला ऐकवलं गेलंय का, ते जरा आठवून बघा.